उंबरखिंडीत अर्थसंकल्प वाचताना

केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि दुसऱ्याच दिवशी खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंडीचा विजयदिन साजरा होतो. संरक्षणखर्चावर बोलायचे तर याहून चांगला मुहूर्त नाही.

२ फेब्रुवारी १६६१. मोगलांच्या शाहिस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला. (त्याच कुरवंड्याच्या शेजारी आज नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ आहे.) फौज होती, सामानसुमान होते, रायबागनसारखी जाणती सरदार सोबत होती. पुढच्या वळणावर कोण दबा धरून बसले आहे, याची खबर तेवढी नव्हती. चिंचोळी वाट, दोन्ही अंगांना दाट रान, पुढची-मागची तोंडे बंद आणि फौज पाण्यावाचून हैराण. खंडणी कबूल करून, सामान टाकून खान परतला. तिजोरी लहान असल्यामुळे शिवाजी महाराजांनी पैसा आधी हेरांवर, वाटांच्या माहितीवर आणि चपळ माणसांवर लावला होता.

कर्जतच्या कोथळीगडाची गोष्ट उलटी. गड मराठ्यांच्या शस्त्रसाठ्याचा, सुळक्याच्या पोटातून कोरलेला जिना, चढाई अवघड. तरी १६८४ मध्ये तो मोगलांकडे गेला, कारण आपलीच माणसे आली आहेत असे समजून आतल्यांनी दरवाजा उघडला. कोठार भरलेले होते, पण दारात कोण आहे हे कुणी पाहिलेच नाही!

आता अलीकडचा हिशेब. २०२५-२६ साठी संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये मिळाले. त्यातल्या रुपयामागे सुमारे २६ पैसे नव्या सामग्रीसह भांडवली खर्चाला, २४ पैसे निवृत्तिवेतनाला. पेन्शनवर डोळा ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. ते जवानाच्या घामाचे पैसे आहेत. खटकते ते वेगळेच. संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या वाट्याला जेमतेम चार पैसे आले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोनचे थवे आले, तेव्हा जुन्या एल-७० तोफाही कामी आल्या, कारण आकाशतीर यंत्रणेची नजर आकाशावर होती. नजर स्वस्तात मिळत नाही, पण ती असली की जुनी तोफही मोलाची ठरते.

खिंड दर वेळी मिळत नाही, हेही खरे. उंबरखिंडीनंतर चारच वर्षांनी मिर्झाराजे जयसिंग तोफा घेऊन पुरंदराला भिडला आणि तहात २३ किल्ले द्यावे लागले. तेव्हा विमाने, पाणबुड्या घेऊच नका असे कुणी म्हणू नये. प्रश्न क्रमाचा आहे. आधी टेहळणी, ड्रोन पाडण्याची साधने, दारूगोळ्याचा साठा आणि संशोधन. त्यानंतर संचलनात मिरवायची मोठी खरेदी. आपल्याकडे चर्चा मात्र विमानांच्या किमतीपाशीच अडते.

कर्जत-खालापूर मावळ लोकसभा मतदारसंघात येतात. यंदा खासदार उंबरखिंडीला हार घालायला आले, तर त्यांना त्या चार पैशांचे विचारा.