विश्लेषण: बाळाच्या कवटीची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे धोका संपला का?

बाळाचं डोकं वाकडं दिसलं की हिंगोली, सेनगावकडे काय, कुठेही घरचा उपाय ठरलेला असतो : मोहरीची उशी आणि मालिश. एकाच कुशीवर निजून चपटं झालेलं डोकं बहुतेकदा सावकाश सुधारतंही. पण साधारण २,००० ते २,५०० बाळांमागे एकाच्या कवटीचे सांधे वेळेआधीच जुळतात. याला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. ते उशीने बरं होत नाही आणि उशी दिली नाही म्हणून होतही नाही. आईला बोल लावणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.

शस्त्रक्रिया कशी होते?

बाळ तीन-चार महिन्यांचं असेल तर दुर्बिणीतून जुळलेली पट्टी काढतात आणि पुढे काही महिने हेल्मेट घालतात. उशीर झाला तर कवटी उघडून हाडं नव्याने रचावी लागतात.

सगळ्यात मोठी काळजी रक्ताची. सात किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम ५६० मिली रक्त असतं. त्यातलं १०० मिली, म्हणजे चहाचा एक छोटा कप, गेलं तरी सहावा हिस्सा गेला. म्हणून रक्ताची पिशवी आधीच तयार ठेवतात. अनुभवी केंद्रांत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे.

घरी आल्यावर काय?

पहिले दोन-तीन दिवस डोळे सुजून मिटतात. ते अपेक्षितच असतं. पण ताप, जखमेतून पू, नाकातून किंवा टाक्यांतून पाण्यासारखा स्राव, झटके किंवा सतत उलट्या दिसल्या तर थांबू नये.

खरी अडचण नंतरची आहे. काही मुलांत सांधे पुन्हा जुळतात आणि मेंदूवरचा दाब वाढतो. एपर्ट, क्रुझोनसारख्या जनुकीय आजारांत हे जास्त घडतं. मूल हसत-खेळत असतानाही दाब वाढू शकतो. म्हणून डोक्याचा घेर आणि डोळ्यांचा पडदा काही वर्षं तपासत राहावं लागतं.

हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, पण या शस्त्रक्रियेला लागणारी संपूर्ण टीम मोठ्या शहरांतच असते. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाची तपासणीची तारीख पहिली चुकते. घेर मोजायला मात्र टेपच पुरते. ते काम अंगणवाडीतही होऊ शकतं आणि पडदा जिल्ह्यातला नेत्रतज्ज्ञ पाहू शकतो, फक्त डिस्चार्जच्या कागदावर तसं स्पष्ट लिहून घ्यायला हवं.