शेकरू वर सरकणार, पण कुठं?



आमच्या खाचराच्या वरच्या बांधावर दोन हिरडे आणि एक जांभूळ होतं. सावलीनं भात मार खातं म्हणून चार वर्षांपूर्वी मीच ती तोडली. तोवर देवराईतलं शेकरू या झाडांच्या फांद्यांवरून पलीकडच्या रानात जायचं. आता राईत घरटी दिसतात, पण बांध ओलांडून गेलेलं एकदाही दिसलं नाही. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. मधली मोकळी जागा त्याला नदीसारखीच.

हल्ली रानातलं काही कमी झालं की 'हवामान बदललं' म्हणून आपण हात झटकतो. हवामान बदलतंय हे खरंच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये योसेमिटी हे राखीव रान आहे. तिथल्या उंदीर, खारी वगैरे लहान प्राण्यांची नोंद जोसेफ ग्रिनेल यांनी १९१४ ते १९२० मध्ये केली होती. बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००३ ते २००६ मध्ये तिथंच पुन्हा पाहणी केली. २८ जातींपैकी निम्म्या सरासरी ५०० मीटर वर सरकल्या होत्या. रात्रीचं किमान तापमान तिथं सुमारे ३ अंशांनी वाढलं होतं.

पण तिथं रान सलग आहे आणि डोंगर तीन हजार मीटरच्या वर जातात. आपलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर, भीमाशंकरचा माथा हजार-अकराशे. वर जागाच नाही! आपल्याकडच्या जनावराला सरकायचं झालं तर आडवं, दरीतल्या गार, दाट रानाकडं. आणि ती वाट आपल्या बांधावरून आणि राईतून जाते.

म्हणून माझं मत सरळ आहे. ऊन आपल्या हातात नाही, वाट आहे. सावलीनं भात कमी येतं हे मी नाकारत नाही. पण झाडं गेली तसा पावसाआधी हातात येणारा बाळहिरड्याचा पैसाही गेला, तो मी तेव्हा हिशेबात धरलाच नव्हता. सावली नको तर खालच्या फांद्या छाटा, शेंडे जुळलेले राहू द्या. राबासाठी एकच झाड दरवर्षी बोडकं करू नका, आलटूनपालटून घ्या.

या पावसात त्याच बांधावर हिरड्याची रोपं लावतोय. फांद्या जुळायला पंधरा वर्षं तरी जातील. तोडायला एक सकाळ पुरली होती.

तुमच्या बांधावर दोन रानं जोडणारी झाडं कुठली आहेत? खाली लिहा.