समुद्राचे वर्ष, सरकारचे वर्ष

सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला उजाडते. मात्र जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि नौदलाचा ‘ट्रोपेक्स’ हा सर्वांत मोठा युद्धसराव हिवाळ्याकडे सरकतो. नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३ या काळातील सरावात सुमारे ७० जहाजे, ६ पाणबुड्या व ७५हून अधिक विमाने होती.

इंधन, दारूगोळा, सुटे भाग हा सारा महसुली खर्च वर्षअखेरीस एकवटतो. सर्वसाधारण वित्तीय नियम तर अखेरच्या महिन्यांतील खर्चाची घाई हा औचित्यभंग मानतात! आमच्या कचेऱ्यांतील मार्चमधील खरेदी पाहता नियम योग्यच आहे. पण खुर्च्यांची खरेदी आणि पाणबुडीशोधाचा सराव एकाच मापाने का मोजावा? सुधारित अंदाजात कपात आली, तर वेतनाला हात लावता येत नाही. कात्री इंधनावर चालते. बंदरात उभे जहाज तरीही दिमाखदारच दिसते.

२०१७पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो, त्यामुळे पैसा लवकर हाती येतो. पावसाळा काही हलला नाही. सराव दर दोन वर्षांनी होतो. निदान त्याच्या इंधनापुरती तरी ३१ मार्चला व्यपगत न होणारी द्वैवार्षिक तरतूद संसदेकडे मागावी, असे माझे मत आहे.