रक्तवाढीची गोळी आणि भांडंभर पाणी

शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर आशाताई गरोदर बाईला रक्तवाढीच्या लाल गोळ्या देतात आणि वाटपाची नोंद होते. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस. पण आतडं सबंध गोळी शोषून घेत नाही. आधी वरचं साखरेचं कवच जायला हवं, मग गोळी फुटायला हवी आणि जठरातल्या आम्लात विरघळलेलं लोह लहान आतड्याच्या सुरुवातीलाच पोचायला हवं. रिकाम्या जठरात जेमतेम तीस-चाळीस मिलिलिटर द्रव असतो, म्हणून गोळीबरोबर भांडंभर पाणी लागतं. गोळी विरघळते का हे तपासताना प्रयोगशाळा साधारण ९०० मिलिलिटर द्रव वापरते. घरात तीच गोळी कोऱ्या चहाच्या दोन घोटांवर उतरते. चहातलं टॅनिन सुट्या झालेल्या लोहाला बांधून ठेवतं, सोबत घेतलेली कॅल्शियमची गोळीही त्याच्या आड येते. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होता, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ५४ टक्के झाला. याची कारणं अनेक आहेत, आहार त्यात मोठा. तरी वाटलेल्या गोळ्या मोजून आपण समाधान मानावं, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, मळमळ आणि बद्धकोष्ठामुळे बायका गोळ्या घेतच नाहीत, तिथे चहाचं काय घेऊन बसलात? अडचण खरी आहे. पण न शोषलेलं लोह आतड्यात राहून त्रासात भरच घालतं, आणि मळमळ दाबायलाच अनेकदा चहा घेतला जातो. जेवणानंतर तासाभराने पाण्याबरोबर गोळी घेतली, तर पोटाला ती सोसते. आशाताईंना हे शिकवलेलं असतं, असंही उत्तर मिळेल. मात्र भातसा, तानसा धरणांच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला नुसता सल्ला पुरत नाही. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं जेवण मिळतं. तिथेच, जेवणानंतर थोडं थांबवून, भरलेल्या भांड्यासह गोळी द्यावी. सेविकांचं काम वाढेल, तर त्याचा मोबदलाही वाढवावा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना एवढ्याने भागणार नाही. ती निघण्याआधीच त्यांची नावं भट्टीजवळच्या आरोग्य उपकेंद्राला कळवावी लागतील.