छोटे विमान : हौस मोठी, हिशेब त्याहून मोठा

विशेष प्रतिनिधी

खासगी मालकीच्या छोट्या विमानाविषयी २०२५ मध्ये दोन देशांनी जेमतेम दीड महिन्याच्या अंतराने दोन निर्णय घेतले. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे 'एफएए'ने, २२ जुलै रोजी हौशी वैमानिकांवरील निर्बंध सैल करणारी 'मोझेइक' नावाची नियमावली जाहीर केली. ३ सप्टेंबर रोजी भारताच्या जीएसटी परिषदेने वैयक्तिक वापराच्या विमानांवरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेला. पूर्वीचा तीन टक्के उपकर जमेस धरला तरी ही वाढ लहान नाही. २२ सप्टेंबरपासून तो लागूही झाला. अशा रीतीने खासगी विमान करांच्या कोष्टकात शीतपेये, रिव्हॉल्व्हर आणि सहलीच्या नौका यांच्या पंगतीला जाऊन बसले.

ज्यांच्या दाराशी दुचाकी किंवा फार तर मोटार आहे, त्यांना या निर्णयांशी आपला संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे खासगी विमान म्हटले की उद्योगपतीचे जेट आणि त्यातील चामड्याच्या खुर्च्या डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ बहुधा एका इंजिनाचे, पंख्याचे, चाळीस-पन्नास वर्षे जुने चार आसनी विमान असा होतो. त्याचा मालक दंतवैद्य असतो, शेतकरी असतो किंवा निवृत्त अभियंता. ही हौस नेमकी किती खर्चाची, तिच्यातून काय मिळते आणि ती कोणाच्या आधारावर टिकते, हे पाहिल्याशिवाय दोन्ही निर्णयांचा अर्थ नीट उमगणार नाही.

किंमत ही केवळ सुरुवात

या जगाचे मोजमाप म्हणून 'सेसना १७२' हे विमान घेता येईल. १९५६ पासून विकले जाणारे हे विमान आजवर ४४ हजारांहून अधिक संख्येने तयार झाले असून जगात इतर कोणतेही विमान एवढ्या संख्येने बांधले गेलेले नाही. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग असतो. नावाला चार आसने असली तरी टाक्या पूर्ण भरून चार धष्टपुष्ट माणसे त्यात बसवता येत नाहीत. एक तर इंधन कमी करावे लागते किंवा माणूस. नवे घ्यायचे तर आज चार लाख डॉलरहून अधिक, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या घरात रक्कम मोजावी लागते. त्यामुळे बहुतेक जण १९७० च्या दशकातील जुने विमान पसंत करतात. सुस्थितीतील असे विमान लाख डॉलरच्या अलीकडे-पलीकडे मिळते.

खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. इंजिन तासाला साधारण ३२ लिटर इंधन पिते. विमान ठेवण्यासाठी हँगरचे भाडे दरमहा काही शे डॉलर पडते आणि मोठ्या शहरांजवळ पैसे तयार असूनही हँगरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागते. विमा निराळा. दर बारा महिन्यांनी अधिकृत तंत्रज्ञाकडून विमानाची संपूर्ण तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीचे शुल्क ठरलेले असते. मात्र तीत काय सापडेल, हे ठरलेले नसते. एखाद्या सिलिंडरला तडा आढळला की वर्षाचे अंदाजपत्रक कोलमडते. शिवाय, सुमारे दोन हजार तासांच्या उड्डाणानंतर इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधावे, अशी उत्पादकाची शिफारस असते. त्या एका कामाला तीस हजार डॉलरहून अधिक लागतात.

न उडणारे विमान अधिक महाग

एक ढोबळ हिशेब मांडून पाहता येईल. हँगरला वर्षाला ४,८०० डॉलर, विम्याला दीड हजार आणि वार्षिक तपासणी व किरकोळ दुरुस्तीला अडीच हजार धरले, तर विमान जागचे न हलताही ८,८०० डॉलर जातात. उड्डाणाच्या प्रत्येक तासाला इंधनाचे ५५ आणि भावी इंजिनकामासाठी बाजूला टाकायचे २० असे आणखी ७५ डॉलर. वर्षात शंभर तास उडणाऱ्याला एक तास १६३ डॉलरला पडतो. पन्नास तास उडणाऱ्याला तोच तास २५१ डॉलरला. विमान विकत घेण्यात अडकलेली रक्कम यात धरलेलीच नाही. फ्लाइंग क्लबमध्ये असे विमान तासाला दीडशे ते दोनशे डॉलर भाड्याने मिळू शकते. म्हणजे वर्षाला शंभर तासांहून कमी उडणाऱ्याने विमान विकत घेणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

त्यात आणखी एक मेख आहे. ही इंजिने चालण्याने जेवढी झिजतात, त्याहून अधिक पडून राहण्याने खराब होतात. महिनोन्महिने न फिरलेल्या इंजिनात दमटपणा साठतो, आतील भागांवर गंज चढतो आणि दोन हजार तासांचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. पैसे वाचवण्यासाठी उड्डाण टाळणारा मालक अशा रीतीने मोठ्या खर्चाला आमंत्रण देत असतो. सरावात पडलेला खंड तर त्याहून धोक्याचा. म्हणूनच तीन-चार जणांनी मिळून एक विमान घेण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. खर्च वाटला जातो आणि विमानही फिरते राहते.

मग माणसे हे का करतात?

पैशाच्या भाषेत या प्रश्नाला उत्तर नाही. अमेरिकी वैमानिकांमध्ये 'शंभर डॉलरचा बर्गर' हा जुना विनोद आहे. शनिवारी सकाळी दीडशे किलोमीटरवरच्या एखाद्या छोट्या धावपट्टीवर उतरायचे, तिथल्या उपाहारगृहात न्याहारी करायची आणि परत यायचे. बर्गर काही डॉलरचा, बाकीचे पैसे पेट्रोलचे. आताच्या भावात शंभर डॉलरही पुरणार नाहीत. तरीही ही वारी थांबलेली नाही.

मोटारीने सहा तास लागणारा प्रवास दोन तासांत उरकतो, हा व्यावहारिक फायदा आहेच. पण हवामान बिघडले तर जाणे रद्द करावे लागते. त्यामुळे वक्तशीर प्रवासासाठी विमान बाळगणाऱ्यांची लवकरच निराशा होते. टिकून राहतात ते कौशल्याच्या ओढीने आलेले. वारा, ढग, वजन, इंधन यांचा स्वतः अंदाज बांधायचा, निर्णय स्वतः घ्यायचा आणि त्याची जबाबदारीही स्वतःच पेलायची, याचे समाधान त्यांना अन्यत्र मिळत नाही. हजार मीटरवरून दिसणारी नदीची वळणे आणि शेतांचे चौकोन प्रवासी विमानाच्या खिडकीतून तसे दिसत नाहीत.

या आनंदाला सामाजिक अंगही आहे. दूरच्या रुग्णालयात उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णांना अनेक विमानमालक स्वखर्चाने नेतात. 'ईएए' या हौशी विमानबांधकांच्या संघटनेने १९९२ पासून चालवलेल्या 'यंग ईगल्स' उपक्रमात वीस लाखांहून अधिक मुलांना खासगी मालकांनी आपल्या विमानातून मोफत फेरी घडवली आहे. याच संघटनेचा विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे दर जुलैत मेळावा भरतो. 'मोझेइक'ची घोषणा तिथेच झाली.

दुसरी बाजू

या छंदाचा सगळा खर्च मालकच सोसतो, असे मात्र नाही. छोट्या विमानांच्या '१०० एलएल' या पेट्रोलमध्ये आजही शिसे मिसळलेले असते. अमेरिकेच्या हवेत मिसळणाऱ्या शिशाचा सर्वांत मोठा स्रोत आता हीच विमाने आहेत. हे उत्सर्जन आरोग्यास घातक असल्याचे तेथील पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे मान्य केले. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याने तर १ जानेवारी २०२२ पासूनच आपल्या विमानतळांवर या इंधनाची विक्री थांबवली. शिसेमुक्त पर्याय आले आहेत आणि २०३० पर्यंत संपूर्ण बदलाचे उद्दिष्ट आहे. पण किंमत आणि पुरवठ्याचे प्रश्न सुटलेले नाहीत. धावपट्टीलगतच्या वस्तीतील मुलांच्या रक्तात शिसे जाणार असेल, तर इतरांच्या हौसेची किंमत आपण का मोजावी, हा रहिवाशांचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. सांता मोनिकाचा जुना विमानतळ २०२८ अखेरीनंतर बंद करण्याची मुभा त्या शहराने मिळवली, ती अशाच दीर्घ संघर्षानंतर.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. अमेरिकेत या क्षेत्रात उड्डाणाच्या दर लाख तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. प्रवासी विमानसेवेच्या तुलनेत हा धोका कितीतरी पट अधिक आहे. इंधन संपणे, ढगांत शिरणे, कमी वेगात नियंत्रण सुटणे अशी कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. जॉन एफ. केनेडी ज्युनिअर १६ जुलै १९९९ च्या रात्री स्वतःचे विमान चालवत असताना समुद्रावरील धूसर अंधारात त्यांचे दिशाभान हरपले. त्यांच्यासह पत्नी आणि मेहुणीचाही मृत्यू झाला. विमान घेण्याची ऐपत आणि ते चालवण्याची तयारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या घटनेने जगाला दाखवून दिले.

अमेरिकेचे गमक

असे असताना अमेरिका नियम सैल का करते? तिचा स्वतःचा अनुभव त्यामागे आहे. १९७८ मध्ये तेथील कारखान्यांतून सुमारे १७,८०० छोटी-मोठी खासगी विमाने बाहेर पडली. त्यानंतर वाढत्या किमती, मंदी आणि अपघातांनंतरचे भरपाईचे खटले यांमुळे १९९४ पर्यंत हा आकडा हजाराच्या आत आला. सेसनाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाच्या विमानांचे उत्पादन थांबवले होते. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने उत्पादकाची जबाबदारी अठरा वर्षांपुरती मर्यादित केली आणि १९९६ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. कायद्याच्या एका कलमाने उद्योग उभा राहू शकतो, हे तिथल्या धोरणकर्त्यांनी पाहिलेले आहे.

'मोझेइक' हे त्याच दिशेचे पुढचे पाऊल. 'स्पोर्ट पायलट' हा परवाना किमान वीस तासांच्या प्रशिक्षणावर मिळतो आणि वैद्यकीय पात्रतेसाठी मोटार चालवण्याचा परवाना पुरतो. पूर्वी या वैमानिकांना सुमारे ६०० किलोपर्यंतच्या दोन आसनी विमानांवरच समाधान मानावे लागे. २२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना चार आसनी विमानही चालवता येते. सोबत प्रवासी मात्र एकच. याखेरीज अर्ध्याहून अधिक काम स्वतः करून घरी विमान बांधणाऱ्यास तेथे कायदेशीर मान्यता आहे आणि त्याची वार्षिक तपासणी करण्याचा अधिकारही त्याला मिळू शकतो. एकट्या 'व्हॅन्स' कंपनीच्या सुट्या भागांतून ११ हजारांहून अधिक विमाने अशी तयार झाली. या सर्वांखाली सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. मध्यमवर्गीय माणसाचे विमान अखेर या सार्वजनिक गुंतवणुकीच्या आधारावर उडते.

जुहूचा वारसा

भारताला ही परंपरा परकी नाही. जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये देशात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो हौशी वैमानिक म्हणून. १९३० मध्ये आगाखान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उड्डाणासाठी बक्षीस लावले, तेव्हा जेआरडी आणि अस्पी इंजिनिअर परस्परविरुद्ध दिशांनी निघाले. इजिप्तमधील अबुकीर येथे अडकलेल्या अस्पींना जेआरडींनी आपल्याजवळचे स्पार्क प्लग दिले आणि स्पर्धा अस्पींनी जिंकली. पुढे एकाने १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणून देशाच्या हवाई वाहतुकीचा पाया घातला. दुसरा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. छोट्या विमानाला निव्वळ चैनीची वस्तू समजणाऱ्यांनी हा इतिहास आठवायला हवा.

आज जुहूवर प्रामुख्याने हेलिकॉप्टरची वर्दळ असते. छोट्या विमानाला लागणारे पेट्रोल मोजक्याच ठिकाणी मिळते. २०२२ पर्यंत ते संपूर्णपणे आयात होत असे; त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्यात उत्पादन सुरू केले, ही जमेची बाजू. उड्डाणापूर्वी हवाई दलाकडून मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. सीमा असुरक्षित असलेल्या देशात ते समजण्यासारखे आहे. पण शनिवारच्या सकाळी सहज आकाशात जाण्याची कल्पना तिथेच संपते. अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते हजारोंनी पाहिले. त्याची नोंदणी मात्र २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले.

आता त्यावर ४० टक्के कर. साडेतीन कोटींच्या विमानावर केवळ जीएसटीच १ कोटी ४० लाख होतो. व्यावसायिक वापराच्या विमानांना पाच टक्क्यांचा दर असल्याने ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना या वाढीची झळ नाही. शेकडो कोटींच्या जेटचा धनाढ्य मालकही आपला मार्ग काढू शकतो. चार मित्रांनी मिळून जुने चार आसनी विमान आणण्याचा विचार केला, तर मात्र तो कागदावरच विरून जातो. कर चैनीवर असावा, याविषयी दुमत नाही. तथापि बारा आसनी जेट आणि जुने 'सेसना' यांना एकच माप लावणे हे धोरणाच्या आळसाचे लक्षण होय.

मराठी मध्यमवर्गीय घरांतील मुले आज कर्जे काढून परदेशात वैमानिक होण्यासाठी जातात आणि तिथे बहुधा याच 'सेसना १७२'वर शिकतात. वजन, इंजिन आणि आसनसंख्या पाहून छोट्या विमानांसाठी निराळा कर-टप्पा, सामाईक मालकीला आणि क्लबांना सवलत, महाराष्ट्रातील तुरळक वापराच्या धावपट्ट्यांवर इंधन व हँगरची सोय आणि शिसेमुक्त इंधनाचा सुरुवातीपासूनच आग्रह, एवढे केले तरी पुष्कळ होईल. त्यातून तिजोरीला फारशी तोशीस पडणार नाही. विमान विकत घेणारे मूठभरच राहतील. पण धावपट्टीच्या कुंपणाशी उभे राहून ते पाहणाऱ्या मुलांची संख्या धोरणकर्त्यांनी हिशेबात धरली पाहिजे.