यादीत नाही, म्हणून पाण्यात नाही?

सकाळी होस्टेलच्या आरओसमोर बाटल्यांची रांग लागते, तेव्हा या पाण्यात काय काय आहे हा प्रश्न कुणालाच पडत नाही. आरओ आहे ना, मग झालं! मलाही कधी पडला नव्हता. पडला तो एनएसएसच्या शिबिरात.

राहुरी तालुक्यातल्या एका गावात आमचं शिबिर होतं. चहूकडे ऊस आणि कांदा. गावातल्या एक ताई विहिरीचं पाणी किटवर तपासून दाखवत होत्या. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे शिकवायचं असतं. थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड, सगळं झालं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, “पोरी, उसात तणाचं औषध मारत्यात, ते यात कळतं का गं?” मी ताईंकडे बघितलं, ताईंनी माझ्याकडे. कळत नाही!

परत आल्यावर भारतीय मानक ब्यूरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक वाचलं. आयएस 10500, सन 2012. त्यात कीडनाशकं आणि तणनाशकं मिळून 18 नावं आहेत. उसातलं ॲट्राझिन आणि टू-फोर-डी त्यात आहे, हे चांगलंच. पण डीडीटी, एंडोसल्फान, फोरेट हीसुद्धा त्यातच. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी घातली, फोरेट 2020 अखेर बंद झालं. जुनी विषं मातीत टिकतात, म्हणून त्यांची तपासणी हवीच. पण उसात मारतात ते मेट्रिब्युझिन, कांद्यातलं ऑक्सिफ्लोरफेन, जवळपास प्रत्येक पिकावर फवारलं जाणारं इमिडाक्लोप्रिड यांची नावं यादीत नाहीत. म्हणजे काल काय फवारलं ते आपण शोधतो, आज काय फवारतो ते नाही.

यादीत नाही म्हणजे पाण्यात नाही, असं आपण धरून चालतो. द्राक्षवाल्यांनी याची किंमत मोजली आहे. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपच्या बंदरांत अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले. निर्यातीआधी इथे तपासणी झाली होती, पण त्या यादीत हे नावच नव्हतं. शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं आणि मग ते नाव यादीत आलं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षासाठी यादी बदलते, मग आजींच्या हंड्यासाठी का नाही?

हे होऊ शकतं. अमेरिकेत 1996 च्या कायदादुरुस्तीप्रमाणे, ज्यांची मर्यादा अजून ठरलेली नाही अशा जास्तीत जास्त 30 पदार्थांची यादी दर पाच वर्षांनी काढतात आणि सार्वजनिक पाणी त्यासाठी तपासतात. नॉनस्टिक तव्यांशी संबंधित पीएफओए आणि पीएफओएस ही रसायनं 2013 ते 2015 च्या फेरीत तपासली, आणि 2024 मध्ये त्यांची मर्यादा ठरली, लिटरमागे 4 नॅनोग्रॅम. उशीर झाला खरा, पण आधी मोजलं म्हणूनच मर्यादा ठरवता आली.

कुणी म्हणेल, एवढा खर्च कोण करणार? या तपासण्या महाग आहेत, मान्य. पण प्रत्येक विहीर कशाला? तालुक्यातल्या मोजक्या विहिरी घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. काय शोधायचं ते कृषी सेवा केंद्रातल्या विक्रीवरून ठरवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कीडनाशकांचे अंश तपासणारी प्रयोगशाळा आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. गरज आहे ती दोघांना जोडण्याची. आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागले पाहिजेत, नाहीतर सगळं फायलीत!

यात आपण काय करणार? पुढच्या शिबिरात श्रमदानाबरोबर एक दिवस विक्रीची यादी करायला देऊया. सर आणि मॅडमनी मनावर घेतलं तर फायनल इयरच्या प्रोजेक्टलाही हा विषय चांगला आहे.

आपला आरओ बरंच काही गाळतो. आजींच्या घरी आरओ नाही. त्यांच्या प्रश्नाला निदान “बघून सांगतो” एवढं उत्तर तरी आपण द्यायला नको का?