एक बैल बसला तरी गाडी चालते, म्हणून सावध!



आपल्या केडगावात कांद्याच्या पट्ट्या, दुधाचा हिशेब आता घरच्या संगणकावर ठेवतात. काहींनी त्यात दोन हार्ड डिस्क बसवून ‘रेड-१’ पद्धत घेतली आहे. तीत एकच मजकूर दोन्हींवर लिहिला जातो.

बैलजोडीतला एक बसला की गाडी थांबते. येथे थांबत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. मग दुसरीही डिस्क गेली की सगळा हिशेब बुडतो. पडद्यावर ‘डिग्रेडेड’ असा इशारा आला, तर प्रथम सर्व मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. नंतर संगणक बंद करून आतली केबल बदलून पाहा. कधी दोष तिचाच असतो. डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र ती बदलाच. काढताना अनुक्रमांक ताडून पाहा, नाहीतर घाईत चांगलीच निघते. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको. ‘फॉरमॅट करू का?’ असे संगणकाने जुन्या डिस्कविषयी विचारले, तर नाही म्हणा.

आणि लक्षात ठेवा, चुकून पुसलेला हिशेब दोन्हींवरून एकदमच जातो. सगळे बियाणे आपण एकाच कणगीत भरत नाही. तशी एक प्रत दुसऱ्या घरीही असू द्या.